पट कागदावर, पोरे वीटभट्टीवर!

जून महिन्यात शाळेचा पट भरतो आणि दिवाळी सरली की रिकामा होतो. रायगड जिल्ह्याच्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील आदिवासी वाड्यांवरच्या प्राथमिक शाळांची ही वर्षानुवर्षांची कहाणी आहे. कशेळे हे त्या भागातले नाक्याचे गाव. कर्जतहून मुरबाडकडे जाणारा रस्ता इथून जातो, नेरळकडून येणारा इथेच मिळतो आणि भीमाशंकरच्या पायथ्याला खांडस, आंबिवलीकडे जाणारे रस्ते इथूनच फुटतात. आसपासच्या ठाकर आणि कातकरी वाड्यांवरचा माणूस बाजाराला, दवाखान्याला इथेच उतरतो. दिवाळीनंतर भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरेबाळे घेऊन वीटभट्टीकडे निघालेली कुटुंबेही याच भागातली. त्या पोरांची नावे शाळेच्या हजेरीपटावर असतात. पोरे मात्र पाऊस पडेपर्यंत चिखल तुडवत असतात, नाहीतर धाकट्या भावंडांना सांभाळत असतात.

सरकार म्हणते, मूल शाळेत दाखल आहे. आमचा प्रश्न साधा आहे. दाखल झाले म्हणजे शिकले काय?

हा प्रश्न बाबासाहेबांनी शंभरेक वर्षांपूर्वीच विचारून ठेवला आहे. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी सरकारपुढे हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ १८ चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेच्या खाईत जातात, असे त्यांनी दाखवून दिले. शाळेचा उंबरा ओलांडलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, त्याशिवाय प्राथमिक शिक्षणावरचा पैसा वाया गेला, हे त्यांचे म्हणणे. शिक्षण खाते म्हणजे जेवढे पैसे घालू तेवढा माल परत मिळवायचे दुकान नव्हे, हेही त्यांनी त्याच भाषणात बजावले. त्यानंतर आठ दिवसांनी, २० मार्चला, तेव्हाच्या कुलाबा म्हणजे आजच्या याच रायगड जिल्ह्यात चवदार तळ्याचे पाणी पेटले. पाण्याचा संगर आम्हा सर्वांना पाठ आहे. शाळेच्या पटाचा संगर मात्र आम्ही विसरलो.

मूल शाळेतून का जाते? आईबापांना शिक्षणाची किंमत कळत नाही, हे त्याचे प्रस्थापितांनी काढलेले ठरीव उत्तर. आम्हाला ते मान्य नाही. खैराचा कात काढणारे म्हणून ज्यांना कातकरी नाव पडले, त्यांचे जंगल गेले, कात गेला, आणि बहुतेकांच्या नावावर जमीन तर कधी नव्हतीच. पावसाळ्यात शेतीची मजुरी संपली की घरातले धान्यही संपते. मग भट्टीवाल्याकडून उचल घ्यायची. ती उचल फेडायला दिवाळीनंतर सगळे कुटुंब भट्टीवर. म्हणजे पोराची शाळा कार्तिकात सुटताना दिसते, पण ती सुटायचे ठरते श्रावणात, चुलीपाशी. कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांत धान्य बँका चालवल्या. पावसाळ्यात अडलेल्याने धान्य न्यावे आणि पीक आल्यावर परत करावे, अशी ती पद्धत. वरवर पाहता याचा शाळेशी काय संबंध? पण ज्या घराला श्रावणात उचल घ्यावी लागत नाही, त्या घरातले पोर माघ महिन्यात वर्गात बसलेले असू शकते. शिक्षणाचा प्रश्न पोटाच्या प्रश्नापासून तोडता येत नाही, तो असा.

शाळा म्हणजे केवळ बाराखडी आणि पाढे नव्हेत. ज्या समाजाने माणसाला माणसाशेजारी बसू दिले नाही, त्या समाजात प्राथमिक शाळा ही एका पंगतीत बसण्याची पहिली जागा आहे. भीमराव साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत असे आणि शिपाई नसला तर तहानेला राहत असे, हे आम्ही कसे विसरू? ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात मंजूर झाला. त्यात सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळाही अस्पृश्यांना खुल्या करण्याचे म्हटले होते. तळे आणि शाळा ही एकाच हक्काची दोन नावे आहेत. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शाळेत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि २० एप्रिल २००४ रोजी त्या स्वयंपाकासाठी दलित, आदिवासी स्त्रियांना प्राधान्य द्यावे असे सांगितले. या आदेशाचे मोल खिचडीच्या वजनाने मोजू नका. कातकरी बाईने शिजवावे आणि सगळ्या गावच्या पोरांनी एका ओळीत बसून खावे, हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापता येत नाही. घरी कातकरी किंवा ठाकरी बोलणारे पोर पहिलीत गप्प बसते, कारण गुरुजींची मराठी त्याला परकी वाटते. चार वर्षे ते टिकले तर चौथीत तेच पोर २६ जानेवारीला ध्वजापुढे उभे राहून भाषण करते. आमच्या लेखी विद्यार्थ्याचा विकास तो हाच.

मात्र राज्यकर्त्यांची नजर वेगळ्याच हिशेबावर आहे. डिसेंबर २०१७ मध्ये १० पर्यंत पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय शासनाने घेतला. सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळा' ही कल्पना पुढे आली. अशा शाळा राज्यात सुमारे १५ हजार. त्या मिटवून मुलांना मोठ्या शाळेत गाडीने न्यायचे, असा हा विचार. मोठ्या शाळेत खेळाचे मैदान असेल, प्रयोगशाळा असेल, सोबतीला जास्त मुले असतील, हे आम्ही नाकारत नाही. पण वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंतची पायवाट, मधला ओढा आणि जुलैतला पाऊस गाडीच्या वेळापत्रकात कुठे बसतो? सहा वर्षांच्या मुलीला तिचे आईबाप कुणाच्या भरवशावर पाठवतील? २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात शेजारची शाळा हा मुलाचा हक्क आहे आणि महाराष्ट्राच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे. पण तेच नियम परिसरात किमान २० मुले असावीत अशीही अट घालतात. डोंगरातल्या वाडीवर वीस पोरे आणायची कुठून?

वाडीसाठी शाळा म्हणजे काय असते, हे खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीने सर्वांना दाखवले. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून त्या ठाकरवाडीतली अनेक घरे गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे मातीखालीच राहिली. त्या रात्री वस्तीपासून बाजूला असलेल्या शाळेत झोपायला गेलेली काही मुले वाचली आणि त्यांनीच खाली खबर पोहोचवली, असे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. दिवसा वर्ग, रात्री तरुणांचा आसरा, सभेला जागा, मतदानाला केंद्र. वाडीवर सरकारची म्हणून जी एकच पक्की वास्तू असते, ती शाळा. तिला कुलूप लावणे म्हणजे वाडीचा देशाशी असलेला धागा तोडणे.

आता थोडे स्वतःबद्दल. सरकारला दोष देणे सोपे आहे, आत्मपरीक्षण अवघड. पट कमी झाला, तो केवळ स्थलांतराने नाही. आमची पिढी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बस्करावर बसून शिकली, नोकरीला लागली, आरक्षणाने उभी राहिली. त्यानंतर आमच्या मुलांना न्यायला इंग्रजी शाळेची गाडी दारात आली. त्यात गैर काही नाही, प्रत्येक बाप आपल्या मुलाचे भले पाहणारच. पण मुलाला नेताना आम्ही त्या शाळेकडे पाठही फिरवली, ही आमची चूक. ज्यांना बोलता येत होते, अर्ज लिहिता येत होता, साहेबाला जाब विचारता येत होता, तेच आधी बाहेर पडले. मागे राहिली कातकऱ्यांची, ठाकरांची पोरे. त्यांच्या बाजूने बोलणार कोण? आमच्या बौद्धवाडीतून वर पाहिले की त्यांची वाडी दिसते. आमच्या आजोबांनी जे भोगले, ते तिथे आजही संपलेले नाही.

म्हणून समाजबांधवांनो, भाषणे पुरे, कामाची गोष्ट बोलू. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया आणि दुर्बल, वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. त्या जागांवर नावापुरते अंगठे घेतले जातात की बोलणारी माणसे बसतात, हे आमच्यातल्या शिकलेल्यांनी पाहावे. स्थलांतरित पालकांची मुले गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. तिची मागणी पोरे गेल्यावर माघात करून काय उपयोग? भाद्रपदातच वाडीवर जाऊन कोण जाणार, कोण आजीकडे राहू शकेल, याची यादी करा आणि ती गटशिक्षण अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवा. जी पोरे जातीलच, त्यांच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत त्यांना नव्याने दाखल्याची अडचण येणार नाही. ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेने भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवून दाखवल्या, म्हणजे हे अशक्य नाही. आणि बुद्धविहाराचे दार वंदनेपुरते न उघडता संध्याकाळी दोन तास अभ्यासासाठी उघडा. त्या सतरंजीवर आमच्या पोराशेजारी कातकऱ्याचे पोर बसू द्या.

क्रांतिबा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सांगितले, की रयतेच्या पैशातून वरच्यांचे उच्च शिक्षण पोसू नका, आधी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे पाहा आणि ते किमान बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करा. बाबासाहेबांनी १९२७ साली आत आलेले मूल टिकवा म्हणून बजावले. ही दोन्ही कामे अजून आमच्या अंगावर आहेत. दरवर्षी १४ एप्रिलला आम्ही मिरवणूक काढतो. त्याच दिवशी आपल्या जवळच्या वाडीवरच्या शाळेत जाऊन जूनमध्ये पटावर किती नावे होती आणि आज वर्गात किती डोकी आहेत, एवढे मोजून या. या दोन आकड्यांमधले अंतर जोवर मिटत नाही, तोवर 'शिका' हा आदेश आम्ही पाळला असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही.