कन्व्हर्टर बदलण्याआधी

गेल्या महिन्यात आलापल्लीहून आमच्या भाच्याचा फोन आला. "मामू, गाडीला ओढच राहिली नाही. आष्टीच्या रस्त्यावर खनिजाच्या ट्रकला ओव्हरटेक करायला घेतलं अन् मध्येच दम तोडला." गाडी म्हणजे २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटर टर्बो, दीडशे अश्वशक्तीची. घरात मुलांपेक्षा तिचेच लाड जास्त, ही आपांची जुनी तक्रार.

चंद्रपूरच्या एका गॅरेजवाल्याने निदान लगेच केले: कॅटलिटिक कन्व्हर्टर चोक झाला आहे, काढून सरळ पाइप टाकू, पिकअपही वाढेल. जुना कन्व्हर्टर मात्र तो ठेवून घेणार होता. आम्ही म्हटले, थांब. त्या डब्यातल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो. भंगारातही त्याला चांगला भाव येतो. तेव्हा काम कुठेही करा, जुना भाग मागून घ्या.

सरळ पाइपाची गोष्ट आम्हाला मुळीच मान्य नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कन्व्हर्टर त्याचे बरेचसे रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये करतो. तो काढला, त्यात एखादा जोड गळका राहिला, काचा बंद, मागच्या सीटवर पोरे झोपलेली... शिवाय पीयूसी आहेच. या काळातल्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आहे. रिकाम्या पाइपाने ती गाठणे कठीण.

पण नवा कन्व्हर्टर आणण्याआधी जुना का मेला, हे शोधावे लागते. तो सहसा आपणहून मरत नाही. इग्निशन कॉइल किंवा प्लग चुकत असेल तर न जळलेले पेट्रोल आत जाऊन पेटते आणि जाळी वितळते. टर्बोचे सील गळत असेल तर जळक्या ऑइलचा थर बसतो. आलापल्लीसारख्या रस्त्यांवर खालून दगड लागून चिनी मातीची जाळी फुटतेही. रबरी हातोडीने हलके ठोकले की आत खुळखुळ ऐकू येते. मूळ दोष तसाच ठेवला तर नवा भागही लवकरच त्याच वाटेने जातो.

भाच्याच्या गाडीत एक कॉइल अधूनमधून चुकत होती. आधी ती बदलली, टर्बो तपासून घेतला.

मग निवड. कुठल्याही गाडीला वेल्ड करून बसवता येणारे स्वस्त डबे मिळतात. त्यांचा आकार लहान, आतला थर पातळ. टर्बो इंजिनाचा धूर जास्त आणि गरम, त्यापुढे ते टिकत नाहीत. शौकीन मंडळी धातूच्या जाळीचा, दर चौरस इंचाला २०० छिद्रांचा घेतात. धूर मोकळा निघतो, पण सफाई कमी होते. आम्ही ४०० छिद्रांचा, याच इंजिनासाठी बनवलेला, सेन्सरची जागा मूळच्याच ठिकाणी असलेला घ्यायला सांगितले. महाग पडला. भाचा दोन दिवस रुसला होता.

पीयूसी पहिल्याच फेरीत मिळाली. जुना कन्व्हर्टर सध्या आपांच्या अंगणात, तुळयांच्या ढिगाशेजारी पडून आहे. त्याचा भाव काढायला भाचा नागपूरला जाणार आहे म्हणे.