मंडळ आणि मंडळी

नमस्कार मंडळी,

हा शब्द आज मुद्दाम वापरला. आपण चार माणसं दिसली की तो सहज वापरतो, पण मराठी बायबलमधे 'चर्च'साठी हाच शब्द आहे - मंडळी. इमारत नाही, मनोरा नाही, नुसती जमलेली माणसं. मराठी ख्रिस्ती घरांतून "आमच्या मंडळीत" असंच म्हणतात. आणि आपण देश सोडून बाहेर आलो की जे काढतो ते मंडळ. एका वेलांटीचा फरक! मला आज जे म्हणायचंय ते या वेलांटीबद्दलच आहे. आपलं मंडळ कार्यक्रम झकास करतं. पण त्याची मंडळी व्हायची असेल, तर ज्या इमारतीत आपण दर रविवारी मराठी शाळा भरवतो तिथल्या लोकांकडून एक-दोन गोष्टी शिकायला हव्यात. आणि जरा लवकर शिकायला हव्यात, कारण ते लोक कमी होत चाललेत.

नातेवाईकांसाठी थोडी पार्श्वभूमी. न्यू जर्सीत आमच्या गावात मोठ्या रस्त्यावर एक जुनं प्रेस्बिटेरियन चर्च आहे. त्याच्या तळघरातल्या खोल्या आम्ही मराठी शाळेसाठी भाड्याने घेतो, दर रविवारी दुपारी दोन ते चार. भिंतीवर नोहाची नौका, हत्ती-जिराफांसकट, आणि फळ्यावर क का कि की. आत्याने हे ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारला, "अगं, बाटवत नाहीत ना?" आत्या, आठ वर्षं झाली, आमच्याकडून त्यांनी फक्त दोन गोष्टी मागितल्यात. जाताना दिवे बंद करा आणि खुर्च्या उचलून ठेवा. :)

त्या तळघराच्या दाराशी दर महिन्याला एक चार पानी पत्रक ठेवलेलं असतं, पुढच्या कार्यक्रमांचं. पालक मुलांची वाट बघत उभे असतात तेव्हा ते चाळायला बरं पडतं. मी ते आता सवयीने वाचते, गावाला गेल्यावर देवळाच्या फळ्यावर लिहिलेलं वाचावं तसं. ऑक्टोबरचं पत्रक साधारण असं असतं :

पहिल्या रविवारी जगभरच्या मंडळींचं एकत्र प्रभुभोजन. ही प्रथा प्रेस्बिटेरियनांचीच. १९३३ साली पिट्सबर्गच्या शेडीसाइड चर्चमधे सुरू झाली आणि मग इतर पंथांनीही उचलली. त्या दिवशी टेबलावर वेगवेगळ्या देशांतल्या भाकऱ्या-पाव मांडतात. एका वर्षी आमच्या शाळेकडे पोळ्या मागितल्या होत्या, तेव्हा कोणाच्या पोळ्या मऊ राहतील यावर आमच्यात जी चर्चा झाली ती इथे देत नाही. पुढे एका रविवारी 'क्रॉप वॉक', म्हणजे भुकेल्यांसाठी पैसे जमवायला गावातून चालायचं. हे १९६९ साली नॉर्थ डाकोटातल्या बिस्मार्क गावात सुरू झालं. त्यातला चौथा हिस्सा स्थानिक अन्नसंस्थांकडेच राहतो. मग जुन्या सामानाची विक्री, रक्तदान, नोव्हेंबरमधे पुढच्या वर्षी कोण किती वर्गणी देणार त्याची कार्डं भरायची आठवण.

हे झालं मोठं मोठं. मला खरं वाचायला आवडतं ते शेवटच्या पानावरचं छोट्या टायपातलं वेळापत्रक. सोमवारी स्काउट. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी रात्री दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक. बुधवारी नव्याने आलेल्यांसाठी इंग्रजीचा वर्ग (यात मेक्सिकोचे, कोरियाचे आणि मुलाकडे आलेल्या एक तेलुगू आजी शेजारी शेजारी बसतात). गुरुवारी कॉयरचा सराव. दर शनिवारी सकाळी ९ ते ११ धान्यवाटप. आणि रविवारी दुपारी 'मराठी स्कूल'. आम्ही पण त्या यादीत!

एकदा मी सहज मोजलं. या यादीतलं चर्चच्या सभासदांसाठीच काय काय आहे? उपासना आणि कॉयर. तिथेही तुम्ही जाऊन बसलात तर कोणी अडवत नाही. बाकी सगळं जो दारातून आत येईल त्याच्यासाठी. आता आपल्या मंडळाची वर्षाची यादी डोळ्यासमोर आणा. संक्रांत, पाडवा, सहल, गणपती, दिवाळी, नाटक. सगळं सुंदर, सगळं मेहनतीचं आणि सगळं आपल्यासाठी. वर्षातून सहा दिवस. उरलेल्या तीनशे एकोणसाठ दिवसांत मंडळ कुठे असतं? ईमेलच्या यादीत.

हे 'प्रेस्बिटेरियन' प्रकरण काय आहे तेही सांगते, कारण मुद्दा तिथेच आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ज्येष्ठ, वडीलधारा. मराठी बायबलमधे त्याला 'वडील' म्हटलंय. म्हणजे ज्या मंडळीचा कारभार निवडून दिलेले वडील चालवतात ती. वडील म्हणजे वयाने नव्हे हं, तिशीतली बाईसुद्धा वडील असू शकते. अमेरिकेतल्या उत्तरेकडच्या प्रेस्बिटेरियनांनी १९३० साली बायकांना वडील व्हायची मुभा दिली, १९५६ साली पाळक व्हायची. हे वडील पाळकाच्या अध्यक्षतेखाली बसून निर्णय घेतात, एकदा निवडले की जास्तीत जास्त तीन वर्षं. सलग सहा वर्षांच्या वर खुर्चीला चिकटता येत नाही, मधे सुटी घ्यावीच लागते. पाळकालाही मंडळीच मत देऊन बोलावते. त्याचा पगार वर्षाच्या सभेत सगळ्यांसमोर मांडतात आणि त्याला मंजुरी घेतात. आपल्याकडे खजिनदाराला हिशोब विचारला की पुढच्या दिवाळीपर्यंत अबोला. हसू नका, तुमच्याही मंडळात झालंय.

वडिलांच्या जोडीला असतात डीकन. मराठीत 'सेवक'. यांचं काम दुखणंखुपणं, मयत, बाळंतपण, एकटी पडलेली माणसं. मला या सगळ्या व्यवस्थेत सर्वात शहाणपणाची वाटते ती यांची वही. कोण आजारी आहे, कोणाला डॉक्टरकडे न्यायला गाडी हवी आहे, कोणाला किती दिवस जेवण पोचवायचं, कोणाची पाळी, सगळं त्यात लिहिलेलं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या एक बाई बर्फावरून घसरल्या आणि पाय मोडला. नवरा कामानिमित्त दुसऱ्या राज्यात, घरात दोन लहान मुलं. मंडळाच्या ग्रुपवर संध्याकाळपर्यंत चाळीस जणांनी 'लवकर बऱ्या व्हा' पाठवलं, फुलांच्या चित्रासह. जवळच्या दोन मैत्रिणी डबा घेऊन गेल्या, अगदी मनापासून, आठवडाभर. मग त्याही थकल्या, त्यांनाही नोकऱ्या आहेत. आणि दुसऱ्या आठवड्यात चर्चच्या एका डीकन आजींचा फोन आला. शाळेच्या खोलीत बाई दिसल्या नाहीत म्हणून त्यांनी चौकशी केली होती. पहिला प्रश्न, "तुम्ही काय काय खात नाही?" पुढचे तीन आठवडे सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी सहाला दारात एक गरम भांडं. चीज घातलेल्या वांग्यांची, बटाट्यांची, मक्याची. बाई म्हणाल्या, मीठ नव्हतं, तिखटाचं तर नावच नको, पण सहा म्हणजे सहा!

आता कोणी म्हणेल, आपल्यात माया नाही का? आहे की. शेजारच्या काकू रात्री दोनला उठून हॉस्पिटलात येतात हे मी पाहिलंय. पण आपली मदत ओळखीवर चालते. ज्याची ओळख दांडगी त्याच्याकडे चार डबे येतात, त्यातले दोन फेकावे लागतात. जो नवीन आलाय, जो जरा घुम्या आहे, जिचं नवऱ्याशी पटत नाही म्हणून ती कार्यक्रमाला येत नाही, त्यांच्याकडे एकही नाही. वहीला ओळख लागत नाही. वहीत नाव असलं की पुरे. माया आणि वही यांत वही कोरडी वाटते खरी, पण तिसऱ्या आठवड्यात भांडं आणून ठेवते ती वहीच.

हे चर्चवाले म्हणजे कोणी देवदूत आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही. भांडणं तिथेही आहेत, आणि आपल्याला लाजवतील अशी. गुलामगिरी आणि यादवी युद्धावरून १८६१ साली दक्षिणेकडचे प्रेस्बिटेरियन वेगळे झाले, ते उत्तरेकडच्यांशी पुन्हा एक झाले १९८३ साली. एकशे बावीस वर्षं! आपली मंडळं फुटतात ती त्यापुढे किरकोळ. अलीकडे समलिंगी पाळक आणि विवाह यांवरून बऱ्याच मंडळ्या बाहेर पडल्या. आणि धर्मप्रसार हा त्यांच्या धर्माचा भाग आहे, तो नाही असं मी आत्याला सांगणार नाही. आमच्या तळघरात त्यांनी तो केला नाही, एवढंच मला माहीत आहे आणि तेवढं मला पुरतं.

आता काळजीची गोष्ट. १९८३ साली एक झाले तेव्हा या पंथाचे अमेरिकेत एकतीस लाखांवर सभासद होते. २०२३ च्या अखेरीला ते अकरा लाखांच्या खाली आले. काही भांडून गेले, पण बरेचसे नुसते म्हातारे झाले आणि त्यांची मुलं आली नाहीत. आमच्या चर्चमधे हे बघायला आकडे लागत नाहीत. धान्याची खोकी उचलणारे हात सत्तरीच्या पुढचे आहेत. बॉयलर जुना आहे, छप्पर गळतं, आणि पत्रकात गेल्या वर्षापासून 'इमारतीचे भवितव्य' या विषयावरच्या चर्चेची तारीख दर तिमाहीला येते. त्याचा अर्थ काय ते आपल्याला कळतं. शेजारच्या गावातलं चर्च असंच चर्चा करता करता विकलं गेलं, तिथे आता फ्लॅट होतायत.

आपल्या लोकांची यावर पहिली प्रतिक्रिया "मग शाळेला दुसरी जागा बघायला हवी" अशी होती. बरोबर आहे, बघायला हवीच. पण स्काउट कुठे जातील? मंगळवारी रात्री जो माणूस दारूच्या दुकानाऐवजी त्या तळघरात येऊन बसतो तो कुठे जाईल? शनिवारच्या रांगेत गेल्या हिवाळ्यात मी दोन देशी चेहरे पाहिले, नोकरी गेलेले असावेत. त्यांनी मान फिरवली, मीही. ते कुठे जातील? गावात असं एकच दार आहे जे ओळख न विचारता उघडतं, आणि ते उघडं ठेवणारे वीस-पंचवीस म्हातारे आहेत.

म्हणून मंडळाच्या सभेत मी तीन गोष्टी मांडल्या. महिन्यातला एक शनिवार धान्यवाटपाचं काम मंडळाने घ्यावं. भाडं बाजारभावाच्या निम्मं आहे, ते आपणहून वाढवावं आणि वरचे पैसे बॉयलरसाठी द्यावेत. आणि आपली स्वतःची एक वही काढावी, ज्यात सभासद-बिनसभासद असा भेद नसेल. तिसरी गोष्ट लगेच मान्य झाली (वही कोण ठेवणार हे ठरायचंय). पहिल्या दोन्हींवर म्हणाले, "आपण भाडं देतो ना? त्यांचा देवधर्म वेगळा, आपण कशाला पडायचं?"

मला यावर मिरज आठवते. डॉ. वॉन्लेस प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ साली भारतात आले आणि १८९४ साली मिरजेचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं. आमच्या सांगलीकडच्या घरांत "मिरजेला नेलं" याचा अर्थ दवाखान्यात नेलं असाच होता. अमेरिकेतल्या कुठल्या कुठल्या गावांतल्या चर्चमधे वर्गणीची थाळी फिरली असेल तेव्हा आपल्याकडे कोणाचं तरी ऑपरेशन झालं असेल. हे उपकार फेडायची भाषा मला आवडत नाही, त्यात त्यांचा हेतू धर्माचाही होता हे विसरायचं कारण नाही. पण "त्यांचा देवधर्म वेगळा" हे कारण मिरजेच्या खाटेवर कोणी आपल्याला सांगितलं नव्हतं. तांदळाची पिशवी उचलायला तर धर्म लागतच नाही, कंबर लागते.

असो. भाषण फार झालं. सभेत ठराव झाला नाही, पण नावं द्यायला ठरावाची गरज नाही. दुसरा शनिवार, सकाळी साडेआठ, मागचं दार, पार्किंगच्या बाजूचं. आत्तापर्यंत पाच नावं आली आहेत, आठ मिळाली तर एक पाळी पूर्ण आपली होईल. गावातल्यांनी फोन करा. बाकीच्यांनी लिहा, तुमच्या गावात मंडळ कुठे भरतं, आणि ती जागा उघडी ठेवायला कोण खपतं ते.