जगज्जेत्याचा नकार

खेळाडूची थोरवी आपण चषक मोजून ठरवतो. मोटरसायकल शर्यतींत तो हिशेब मांडला तर इटलीच्या जाकोमो आगोस्तिनीचे नाव आजही पहिले येते: 15 जगज्जेतेपदे आणि ग्रां प्रीमधले 122 विजय. तरीही त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत मोलाची कामगिरी या आकड्यांत सापडत नाही. 1972 मध्ये त्याने आइल ऑफ मॅन टीटी या शर्यतीला कायमचा नकार दिला, ती ही कामगिरी.

टीटी बंदिस्त ट्रॅकवर होत नाही. बेटावरचे रोजच्या वापरातले रस्ते वाहतुकीला बंद करून सुमारे 60 किलोमीटरची फेरी आखली जाते. वाटेत घरांच्या भिंती, दगडी कुंपणे आणि दिव्यांचे खांब अगदी रस्त्याला खेटून उभे असतात, आणि डोंगरावर धुके केव्हा उतरेल याचा भरवसा नसतो. तिथे घसरलेल्या स्वाराला सावरायला मोकळी जागाच मिळत नाही. 1972 च्या जूनमध्ये भर पावसात 125 सीसी शर्यतीत आगोस्तिनीचा मित्र जिल्बेर्तो पार्लोत्ती ठार झाला. जागतिक क्रमवारीत तो आघाडीवर होता, आणि टीटी चुकवणे म्हणजे हातचे गुण सोडणे होते. त्या वर्षीची सीनियर शर्यत जिंकून आगोस्तिनीने तिथे पुन्हा न उतरण्याचा निर्णय घेतला.

तिथल्या दहा विजयांनंतर नकार द्यायला काय लागते, असे कोणी म्हणेल. पण असा नकार परवडतो तो अशाच माणसाला. मानधनावर गाडी आणि घर दोन्ही चालवणारा स्वार अडून बसला असता, तर त्याच्या जागी दुसरा आणला गेला असता. जगज्जेत्याची जागा अशी भरता येत नाही. फिल रीड, बॅरी शीन यांच्यासारखे स्वारही दूर राहिले आणि 1976 नंतर टीटीचा जागतिक स्पर्धेतला दर्जा गेला. खास बांधलेल्या ट्रॅकवरही माणसे मरतात, हा आक्षेप खराच आहे. 1973 मध्ये मोंझाला यार्नो सारिनेन आणि रेंझो पासोलिनी एकाच अपघातात गेले. मात्र ट्रॅकवरचे कठडे मागे सरकवता येतात, गावातली घरे हलवता येत नाहीत.

धोका हाच या खेळाचा प्राण आहे, असे मानणाऱ्यांचे त्यात काही हिरावले गेले नाही. टीटी आजही होते, आणि जोई डनलॉपने तिथे 26 विजय मिळवून अढळ स्थान कमावले. रीडसुद्धा 1977 मध्ये परतला आणि जिंकला. गुणांसाठी जीव पणाला लावण्याची सक्ती तेवढी संपली. धाडस स्वखुशीचे असेल तरच त्याला धाडस म्हणावे. म्हणूनच एखादा विजेता आज असुरक्षित ट्रॅकवर उतरायला नकार देतो, तेव्हा त्याला भित्रा ठरवण्याआधी तो कोणाकोणाच्या वतीने बोलतो आहे हे पाहायला हवे.