नगराध्यक्ष कोणी निवडावा, आणि हिशेब कोठे विचारावा?

महाड-पोलादपूरच्या शेतकरी, कुंभार, सुतार, बुरूड बांधवांनो! आपल्या नगराचा कारभार कोणत्या कायद्याने चालतो, हे आपण कधी पाहिले आहे काय? महाडची नगरपरिषद आणि पोलादपूरची नगरपंचायत ही १९६५ च्या एकाच अधिनियमाची लेकरे. तो विधिमंडळाने केला आणि तेच तो दुरुस्त करते. अध्यक्ष कोणी निवडावा, एवढ्या एका कलमाची हकीगत ऐका. २००१ साली ठरले की जनतेने थेट निवडावा. पुढे ते मोडून हक्क नगरसेवकांस दिला. २०१६ साली पुन्हा जनतेस, २०२० साली पुन्हा नगरसेवकांस, २०२२ साली फिरून जनतेस! घरधनी बदलला की चुलीचे तोंड फिरवावे, तसा हा प्रकार. जी बाई त्या चुलीवर भाकरी थापते, तिला मात्र कोणी विचारीत नाही.

त्यामुळे शेजारच्या दोन गावांत दोन तऱ्हा झाल्या. पोलादपूरची निवडणूक २०२१ च्या डिसेंबरात व २०२२ च्या जानेवारीत झाली; तेव्हा २०२० ची दुरुस्ती लागू, म्हणून सतरा नगरसेवकांनी आपसांतून अध्यक्ष निवडला. महाडास २०२५ च्या डिसेंबरात मतदान झाले; तेथे तो मतदारांनी निवडला. निवडणूक आली की आम्हां मास्तरांस केंद्रावर बसावेच लागते. अशाच एका केंद्रावर एक वृद्ध गृहस्थ यंत्रापुढे खोळंबून राहिले. "गुरुजी, बटण दाबलं, पण यंत्र काय वाजत नाय." प्रभागाचे दोन नगरसेवक आणि अध्यक्ष, अशी तीन मते द्यावयाची हे त्यांस कोणी सांगितलेच नव्हते. कायदा करणारांनी ते गावोगाव समजावून सांगावयास नको होते काय?

आमचे मत विचाराल तर थेट निवड बरी. सतरांपैकी नऊ जण गाडीत घालून सहलीस नेता येतात. सगळे गाव नेता येत नाही. अध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृह दुसऱ्याचे झाले, तर कामे अडतात हेही खरे. पण हा वाद मोठ्या पुढाऱ्यांचा आहे. आमचे दुखणे निराळेच आहे.

पोलादपूर ग्रामपंचायत होते तेव्हा ग्रामसभा भरत असे. वर्षातून किमान चार सभा घ्याव्यात असे ग्रामपंचायतीचा कायदा सांगतो. कोणीही उठून विचारावे, नळाचे पैसे कोठे गेले? २०१४ साली शासनाने तालुक्याच्या गावांस नगरपंचायती करण्याचे ठरविले. गावास नगर म्हणू लागले आणि ग्रामसभा गेली. तिच्या जागी काय आले? २००९ साली विधिमंडळाने नगरांकरिता क्षेत्र सभेची तरतूद केली आहे म्हणतात. आम्ही आमच्या भागात अशी एकही सभा भरलेली पाहिली नाही.

महाडकरांचे तर आणखी वाईट. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री व गांधारी गावात शिरल्या, बाजारपेठ बुडाली, घरोघर चिखल झाला. पाठोपाठ परिषदेची मुदत संपली आणि प्रशासक बसला. पाच वर्षे पुरी होण्यापूर्वी निवडणूक घ्यावी असे राज्यघटना सांगते. तरी सर्वोच्च न्यायालयाचा ६ मे २०२५ चा आदेश होईपर्यंत ती लांबलीच. पुरानंतर गाव पुन्हा उभे राहावयाचे, आणि नेमक्या त्या वर्षांत दारी बोलावून जाब विचारावा असा एकही नगरसेवक नाही!

सभागृहावर लोकांचा डोळा नसला म्हणजे काय होते, हे महाडास कोणी शिकवावयास नको. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव १९२३ साली मुंबई कौन्सिलात पास झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद झाला, पण पाण्याला हात लागला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा ठरावात जीव आला. त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव फिरविला! हायकोर्टाचा निकाल लोकांच्या बाजूने लागण्यास १९३७ साल उजाडले.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. अधिनियमात पुन्हा हात घालावयाचाच असेल, तर प्रत्येक प्रभागात वर्षाला चार सभा सक्तीच्या कराव्यात, तेथे जमाखर्च मोठ्याने वाचावा, आणि सभा न घेणाऱ्या नगरसेवकाचे पद जावे. प्रशासक असला तरी त्यानेही याच सभेपुढे उभे राहावे. ही मागणी घेऊन आमदाराकडे जाण्यास वकील लागत नाही. वीस सह्यांचा अर्ज पुरे. आणि पोलादपूरकरांनो, पुढच्या खेपेस मते मागणारा दारी येईल तेव्हा त्याला चहा अवश्य द्या. पण आधी त्याच्याकडून सांगून घ्या की पहिली सभा कोणत्या दिवशी आणि कोणत्या पारावर.