अंतराळातली ड्युटी कोणाची?

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री दोनच्या सुमारास अपघात विभागातला फोन वाजला. मी मेडिसिनचा माणूस, पण पाळीपाळीने तिथली ड्युटी करावी लागे. पलीकडून कोणी धापा टाकत बोलत होते, ‘‘नांदगावले गाडी उलटली जी, लवकर ॲम्ब्युलन्स धाडा.’’ मी ‘हो, पाठवतो’ म्हणणार, तोच आमच्या जुन्या ब्रदरने रिसीव्हर हातात घेतला आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘कोणतं नांदगाव? पेठ का खंडेश्वर?’’

अमरावतीच्या वाचकांना या प्रश्नाचे मोल सांगायला नको. नांदगाव पेठ नागपूर रस्त्यावर, नांदगाव खंडेश्वर यवतमाळ रस्त्यावर. गाडी चुकीच्या नांदगावला गेली असती तर जखमीचा पहिला, सर्वांत मोलाचा तास रस्त्यातच संपला असता.

आज हा प्रश्न बऱ्याच वेळा विचारावा लागत नाही. राज्यात २०१४ पासून १०८ ची सेवा आहे. तिच्या रुग्णवाहिकेत जीपीएस असते आणि गाडी कुठे आहे हे नियंत्रण कक्षाला दिसते. आपल्या मोबाइलवरही निळा ठिपका उमटतो. त्या ठिपक्यामागे काही माणसे रात्रभर जागी असतात. आजचा विषय ती माणसे आणि त्यांची नोकरी.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. ते प्रत्यक्षात फक्त वेळ सांगतात. किमान चार उपग्रहांकडून संदेश यायला किती वेळ लागला, यावरून आपला फोन स्वतःची जागा ठरवतो. संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, म्हणून घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले तरी अंतरात ३०० मीटरची चूक होते. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार तिथली घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. हा फरक दुरुस्त केला नाही, तर चूक रोज दहा किलोमीटरच्या हिशेबाने वाढेल. तीन-चार दिवसांत पेठ आणि खंडेश्वर यांत फरकच उरणार नाही.

घड्याळांवर लक्ष ठेवण्याचे, दुरुस्त्या वर पाठवण्याचे काम अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या तळावरून स्पेस फोर्सचे सैनिक चोवीस तास करतात. २६ जानेवारी २०१६ रोजी एक जुना उपग्रह सेवेतून काढताना काही उपग्रहांवर चुकीची माहिती चढवली गेली. वेळ फक्त १३ मायक्रोसेकंदांनी चुकली, पण जगभरच्या दूरसंचार यंत्रणांत काही तास धोक्याचे इशारे वाजत राहिले. औषधाच्या मात्रेत दशांश चिन्ह एक घर सरकले की काय होते, हे आम्हा डॉक्टरांना ठाऊक आहे. त्यातलाच हा प्रकार.

आपल्याकडे लष्कराच्या बाजूने अंतराळाची जबाबदारी डिफेन्स स्पेस एजन्सीकडे आहे. तिन्ही दलांची ही एकत्र संस्था २०१९ मध्ये बेंगळुरूला उभी राहिली. त्याच वर्षी २७ मार्चला भारताने सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरचा स्वतःचाच उपग्रह क्षेपणास्त्राने पाडून दाखवला होता. या संस्थेचे पहिले प्रमुख म्हणजे हवाई दलाचे एस. पी. धारकर, तेव्हाचे एअर व्हाइस मार्शल. खडकवासल्याच्या एनडीएतून बाहेर पडून जून १९८५ मध्ये ते लढाऊ विमानांच्या शाखेत दाखल झाले. साडेतीन हजारांहून अधिक तास त्यांनी विमान उडवले. अंतराळ संस्थेची पायाभरणी केल्यावर ते पुन्हा हवाई दलाच्या मुख्य प्रवाहात आले, शिलाँगच्या पूर्व हवाई कमांडचे प्रमुख झाले, ऑक्टोबर २०२४ मध्ये हवाई दलाचे उपप्रमुख झाले आणि एप्रिल २०२५ अखेर निवृत्त झाले.

आता त्यांच्या पिढीतलाच दुसरा अधिकारी पाहा. अमेरिकेचे जॉन रेमंड १९८४ मध्ये, म्हणजे धारकरांच्या एक वर्ष आधी, हवाई दलात आले. सुरुवात क्षेपणास्त्रांच्या तळावर झाली. पुढे त्यांनी अंतराळावर नजर ठेवणाऱ्या तुकडीचे नेतृत्व केले, मग मोठ्या अंतराळ तळाचे, मग साऱ्या स्पेस कमांडचे. डिसेंबर २०१९ मध्ये स्पेस फोर्स स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले प्रमुख तेच झाले. जवळजवळ सारी कारकीर्द एकाच विषयात गेली.

दोघांत कोण श्रेष्ठ, हा प्रश्नच नाही. धारकरांनी केले ते संस्थापकाचे काम होते आणि संस्थापक बाहेरूनच येतो. पहिला हृदयशल्यचिकित्सकही आधी साधा सर्जनच होता. प्रश्न त्यांच्या मागून येणाऱ्यांचा आहे. आज पंचविशीत असलेल्या कॅप्टनला किंवा फ्लाइट लेफ्टनंटला सारी नोकरी अंतराळ विषयात घालवून वर चढता येईल का? की दोन-तीन वर्षांची नेमणूक संपली की तो पुन्हा आपल्या मूळ दलात, मूळ शाखेत जाणार, आणि त्याच्या खुर्चीवर नवा माणूस पहिल्या धड्यापासून सुरुवात करणार?

हा घोळ आमच्या क्षेत्राने भोगला आहे. कॅज्युअल्टी कितीतरी वर्षे कोणाचीच नव्हती. आज मेडिसिनवाला, उद्या अस्थिरोगवाला, परवा आणखी कोणी. सगळे हुशार, पण सगळे पाहुणे. आणीबाणीचे वैद्यकशास्त्र ही स्वतंत्र पदव्युत्तर शाखा म्हणून भारतात मान्य व्हायला २००९ साल उजाडले. ती शाखा आली तेव्हा कोणाला आधी आत घ्यायचे, कोणती तपासणी पहिल्या दहा मिनिटांत करायची, हे ठरवणारे लोक तिथेच टिकू लागले.

हवाई दलाने स्वतःही हा धडा एका बाबतीत फार पूर्वी गिरवला आहे. बेंगळुरूची एरोस्पेस मेडिसिन संस्था १९५७ ची. वैमानिकाच्या शरीरासाठी वेगळे डॉक्टर लागतात, हे ओळखून तिथे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. गगनयानासाठीच्या वैमानिकांची निवड-तपासणी याच संस्थेत झाली. ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला जून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, त्यामागे अशी दशकांची तयारी होती.

शुक्लांचा चेहरा घराघरात पोचला. जमिनीवर बसून उपग्रह सांभाळणाऱ्याचा चेहरा कोणी पाहत नाही. त्याच्या शरीराचा प्रश्नही वेगळा. लढाऊ वैमानिक झपकन वळला की रक्त पायांकडे ओढले जाते आणि मेंदूचा पुरवठा कमी पडतो. खुर्चीतल्या अधिकाऱ्याचा शत्रू म्हणजे झोप. पहाटे तीन ते पाच या वेळात शरीराचे तापमान आणि लक्ष दोन्ही तळाला जातात. सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे काम थोडी दारू प्यायलेल्या माणसाइतके ढिसाळ होते, असे ‘नेचर’मधल्या १९९७ च्या प्रयोगात दिसले होते. म्हणूनच चांगल्या रुग्णालयात पाळी बदलताना लेखी माहिती देतात आणि धोक्याचे औषध दोघांनी तपासून देतात. उपग्रहाला आज्ञा पाठवण्याचे काम याहून सोपे नाही. त्यालाही मुरलेले हात आणि माणसाला सोसेल असे पाळ्यांचे वेळापत्रक लागते.

दुसरी बाजूही आहे. अंतराळ शाखेत पदे थोडी. छोट्या शाखेत अडकलेल्या अधिकाऱ्याची बढती खुंटते, आणि बढती खुंटलेल्या शाखेकडे हुशार मुले फिरकत नाहीत. शिवाय आघाडीवर लढलेल्यालाच उपग्रहाकडून काय हवे ते नेमके कळते. हे आक्षेप खरे आहेत. पण त्यावर उपाय निघू शकतो. मोजके अधिकारी निवडावेत, त्यांना दीर्घ नेमणुका द्याव्यात, मधून एखादी नेमणूक मूळ दलात देऊन त्याच विषयात परत आणावे, आणि वरच्या पदापर्यंतची शिडी आधीच जाहीर करावी. आरोग्य खात्यातल्या आम्हा लोकांनाही असेच हवे असते. प्रशिक्षण एका कामाचे आणि बदली दुसऱ्याच कामावर, यात खर्च सरकारचा आणि नुकसान रुग्णाचे होते.

हे आता ठरायला हवे, कारण काम झपाट्याने वाढते आहे. केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये ५२ टेहळणी उपग्रहांच्या योजनेला मंजुरी दिली. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष चालू असताना देशाच्या सुरक्षेसाठी किमान दहा उपग्रह अहोरात्र काम करत असल्याचे इस्रोच्या अध्यक्षांनी सांगितले. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूकडे, विमानांच्या जीपीएसमध्ये अडथळा आणल्याच्या किंवा खोटे संकेत पाठवल्याच्या ४६५ घटना नोंदल्याची माहिती लोकसभेत दिली गेली. खोटा संकेत म्हणजे पेठेत असलेल्याला खंडेश्वरात असल्याचे भासवणे. स्वतःची नाविक यंत्रणा असूनही तिच्या अनेक उपग्रहांची आयात केलेली अणुघड्याळे बिघडली. देशी बनावटीचे घड्याळ प्रथमच २०२३ मध्ये वर गेले. जानेवारी २०२५ मधला पुढचा उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. लष्करी अंतराळ डॉक्ट्रिन लवकरच येईल, असे संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी एप्रिल २०२५ मध्ये सांगितले होते. अशा दस्तऐवजात उपग्रह आणि शस्त्रे यांना जागा मिळतेच. ते सांभाळणाऱ्या माणसाच्या तीस वर्षांच्या नोकरीलाही एक पान मिळायला हवे.

त्या रात्री उलटलेली गाडी पेठेची निघाली. एमआयडीसीच्या अलीकडे. दोघे जखमी वेळेत आले, दोघेही घरी गेले. माझ्याकडे एमडीची पदवी होती आणि त्या विभागातला तो माझा तिसरा आठवडा होता. ब्रदरला तिथे अठरा वर्षे झाली होती.