वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांचं वजन अचानक का घटतं? धोका कधी ओळखायचा?

'वय झालं की माणूस वाळतोच' असं म्हणून वृद्धाश्रमात राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घटत्या वजनाकडे अनेकदा दुर्लक्ष होतं. पण प्रयत्न न करता वजन उतरत असेल, तर त्यामागे बहुतेकदा आजार किंवा अपुरा आहार असतो. वजनासोबत स्नायूही झिजतात. मग तोल जाणं, हाड मोडणं, जखम लवकर न भरणं असे धोके वाढतात.

किती घट म्हणजे धोका?

अमेरिकेतल्या नर्सिंग होमसाठी ठरलेले निकष असे: एका महिन्यात ५ टक्के, तीन महिन्यांत ७.५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट. म्हणजे ५० किलोच्या आजींचं वजन महिन्याभरात अडीच किलोनं उतरलं, तर तपासणी हवीच. ज्यांना उभं राहता येत नाही, त्यांच्यासाठी खुर्चीचा वजनकाटा असतो. तोही नसेल, तर पोटरीचा घेर मोजतात. तो ३१ सेंटीमीटरपेक्षा कमी असणं हे कुपोषणाचं लक्षण मानलं जातं.

कारणं कोणती?

सैल झालेली कवळी, गिळताना लागणारा ठसका, नैराश्य, स्मृतिभ्रंश, क्षयरोग, थायरॉइड, कर्करोग अशी ही यादी मोठी आहे. मेटफॉर्मिनसारख्या काही औषधांनीही भूक मंदावते. ताट समोर ठेवलं जातं, पण भरवायला माणूस नसतो, हेही एक कारण. शिवाय मीठ बंद, साखर बंद, तेल बंद अशा पथ्यांमुळे जेवण बेचव होतं. त्यामुळे कुपोषणाचा धोका असलेल्या ज्येष्ठांवर कडक पथ्यं लादू नयेत, असं युरोपातल्या आहारतज्ज्ञांच्या 'एस्पेन' संस्थेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

उपाय काय?

याच सूचनांनुसार ज्येष्ठांना दर किलो वजनामागे रोज साधारण ३० कॅलरी आणि किमान १ ग्रॅम प्रथिनं लागतात. पातळ वरण आणि मऊ भातातून ती मिळणं कठीण. ताट मोठं करण्यापेक्षा आहे तोच घास सकस करणं सोपं जातं. खिचडीत तूप आणि दाण्याचा बारीक कूट, खिरीत दूध पावडर, चालत असेल तर अंडं. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात मात्र बळजबरीनं भरवणं त्रासदायक ठरू शकतं.

भारतात काय स्थिती?

२०१७-१८ च्या 'लासी' पाहणीत ६० वर्षांवरील २७ टक्के ज्येष्ठ कमी वजनाचे आढळले. पण ही पाहणी घरोघरी झाली होती, वृद्धाश्रमांत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं वृद्धाश्रमांचे निकष ठरवण्याचं काम राज्यांवर सोपवलं आहे. वजनाच्या नोंदीचा उल्लेख मूळ कायद्यात नाही.

म्हणूनच भेटीला जाणाऱ्या नातेवाइकांनी 'जेवतात ना?' एवढंच विचारून थांबू नये. गेल्या महिन्यात वजन किती होतं, आज किती आहे आणि ताटात किती उरतं, हे तीन प्रश्न विचारावेत.