व्यसनांचा अनुक्रम

पानाच्या डब्यांत तंबाखूची पुडी असली तर आपल्या घरांतून कोणी दचकत नाहीं. मुलाच्या खिशांत सिगारेट सांपडली, तर दोन दिवस बोलणीं होतात आणि प्रकरण मिटतें. कोकेनचें मात्र नुसतें नांव काढलें तरी अंगावर कांटा येतो. हीं दोन व्यसनें एकमेकांस इतकीं परकीं आहेत काय?

मादक द्रव्यांकडे जाणारी तरुणांची वाट बहुधा दारू व तंबाखू यांवरून जाते, असें डेनिस कँडेल या विदुषींनीं अमेरिकेंत १९७५ सालीं दाखविलें. पण आधींचें व्यसन पुढच्याचें कारण, कीं नुसतें सोबती, हें माणसांच्या पाहणीवरून ठरेना. पुढें त्यांनीं, त्यांचे पति नोबेल पारितोषिकाचे मानकरी एरिक कँडेल यांनीं व अमीर लेव्हिन प्रभृतींनीं हा प्रश्न उंदरांपुढें मांडला. निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध झाले. सात दिवस पाण्यांतून निकोटिन दिलेल्या उंदरांवर मागाहून दिलेल्या कोकेनचा परिणाम पुष्कळच तीव्र झाला. आधीं कोकेन व मग निकोटिन असा क्रम उलटा केला, तर तसें कांहींच घडलें नाहीं!

याचें मर्म पेशींत आहे. शरीराच्या पेशीपेशींत जनुकांची तीच पोथी असते. पण ती हिस्टोन नांवाच्या प्रथिनांभोंवतीं गुंडाळून, जणू बासनांत बांधून ठेवलेली असते. हिस्टोनांवर ॲसेटिल गट चिकटले कीं बासन सैल होतें व तेथील जनुक वाचलें जातें. ते गट काढून टाकणारीं एंझाइमें तें पुन्हा आवळतात. मेंदूच्या सुखमार्गांतील स्ट्रायटम भागांत निकोटिन या आवळणाऱ्यांचेंच काम मंद करितें. पोथींतलें एक अक्षरहि बदलत नाहीं. गांठी तेवढ्या सैल राहतात. मग कोकेन आलें कीं, व्यसन जडण्याशीं संबंध असलेलें 'फॉसबी' हें जनुक एरवींपेक्षां अधिक जोरानें कामास लागतें. त्यापासून होणारें एक प्रथिन पेशींत कित्येक आठवडे टिकून राहतें.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि तंबाखू खाणारे बहुतेक लोक कोकेनच्या वाऱ्यासहि उभे राहत नाहींत. आजोबांच्या चंचीचे दोष निराळे. ते कर्करोगाच्या दवाखान्यांत दिसतात. परंतु धूर नाहीं म्हणून विजेची सिगारेट निरुपद्रवी, असें म्हणणाऱ्या चिरंजीवांस (ती आपल्या देशांत २०१९ सालींच कायद्यानें बंद झाली) एवढें विचारावें कीं, आंतील निकोटिन तर तेंच ना?

प्रयोगांतील आणखी एक गोष्ट पालकांनीं लक्षांत घेण्याजोगी आहे. निकोटिन वारंवार न देतां, किंवा तें बंद करून कांहीं काळानें कोकेन दिलें, तेव्हां हा वाढीव परिणाम दिसला नाहीं. म्हणजे उंदरांत तरी निकोटिनची ही करामत तें चालू असेपर्यंतच होती.